फुलसावंगीतला एकमेव हिटर

आमच्या व्हॅनला हिटर आहे, ही गोष्ट गाडी घेतली तेव्हा मी गावात कोणालाच सांगितली नव्हती. सांगायला तोंड हवं ना! मे महिन्यात आमच्याकडे स्टिअरिंग धरायला ओलं फडकं लागतं, आणि अशा मुलखात मी हिटरवाली गाडी विकत घेऊन आलो होतो. गाडी जुनी. कुठल्यातरी पहाडी भागात अर्धं आयुष्य काढून ती नागपूरच्या दलालाकडे आली, आणि तिथून माझ्या गळ्यात पडली. पत्रा चांगला होता, इंजिन बरं होतं. डॅशबोर्डवर एक लाल-निळा खटका होता, तो मला एसीचा वाटला. मी विचारलं तेव्हा दलाल नुसता हसला. का हसला, ते बुटीबोरीच्या पुढे ऐन उन्हात तो खटका सरकवल्यावर कळलं.

पण अशा गोष्टी लपतात थोड्याच? पहिल्याच लग्नाच्या भाड्याला एका आगाऊ पाहुण्याने तो खटका सरकवला आणि फुलसावंगीत बोंबाबोंब झाली. पानठेल्यावर गेलो की सुरू. "काहून भाऊ, गाडीत चिवडा भाजून राह्यला काय?" "भाऊ, मायी कुरडई वाळत नाही, दोन चक्कर मारून आणतं काय?" मी तापट माणूस. दोन-तीनदा मी उत्तर दिलं, एकदा अंगावर धावून गेलो, आणि मग त्या खटक्यावर चिकटपट्टी लावून टाकली. मी गाडी भाड्याने चालवतो. लग्नाची माणसं, दवाखान्याचे पेशंट, आणि हंगामात मागची सीट काढून घरच्या वावरातला कापूस महागावच्या बाजारात. यात हिटरचं कामच काय?

काम निघालं ते आईच्या खंजिरीमुळे.

आई गावातल्या महिला भजन मंडळात खंजिरी वाजवते आणि पुढून गाते. बाबा गेले तेव्हा ती सहा-आठ महिने उंबऱ्याच्या बाहेर पडली नव्हती. अंगणात बसायची, रस्त्याकडे बघायची, कोणी बोललं तर हं म्हणायची. शेजारची काकू, जी आता मंडळाची अध्यक्षा आहे, ती एका संध्याकाळी घरात घुसली, खुंटीवरची खंजिरी काढली आणि आईच्या मांडीवर टाकून म्हणाली, "चाल वं. बसून बसून बुरशी चढन तुले." ती खंजिरी आईला तिच्या माहेरहून मिळालेली. लाकडी कडं घासून घासून गुळगुळीत झालेलं, कातडं बकरीचं. तेव्हापासून आई जी बाहेर पडली, ती पडलीच. काकूचे हे उपकार मी विसरत नाही. त्या काकूनेच पुढे जो उच्छाद मांडला तोही मी विसरत नाही.

कातड्याच्या खंजिरीची एक खोड असते. थंडीत दव पडलं की कातडं ओलावतं आणि सैल होतं. मग ती बोलत नाही, नुसती थापटल्यासारखी वाजते. म्हणून वाजवणारे आधी शेकोटीवर धरून तिला तापवतात. कातडं ताणलं की टण्ण बोलते. आणि आमच्याकडच्या भजन स्पर्धा सगळ्या थंडीतल्याच. दोन वर्षांपूर्वीच्या स्पर्धेत स्टेजवर जायला उशीर झाला, शेकोटी लांब राहिली, आणि ऐन रंगात आईची खंजिरी बसली. मला तर वाटलं कोणी ओल्या पोत्यावर बुक्क्या मारतंय. आई गात होती आणि तिचं तोंड एवढंएवढं झालं होतं. आमचं मंडळ बक्षिसात तर सोडाच, उत्तेजनार्थमध्येही नव्हतं. पहिला नंबर नेहमीप्रमाणे महागावच्या मंडळाने नेला.

परतताना आई पुढच्या सीटवर बसली होती. गारठा मरणाचा. बोटं वळत नाहीत म्हणाली, म्हणून मी चिकटपट्टी फाडली आणि हिटर लावला. तिने हात शेकले, खंजिरी तशीच मांडीवर. थोडं पुढे गेल्यावर तिने सवयीने टिचकी मारली, आणि गाडीत टण्ण!

"अगं माय!" आई ओरडली. "हे तं आता बोलून राह्यली!"

मागे बसलेल्या सगळ्या बाया जाग्या झाल्या. आईने घर येईपर्यंत अख्खं भजन गाडीतच म्हटलं. त्या दिवसापासून हिटर माझा राहिला नाही, मंडळाचा झाला. पानठेल्यावरची चेष्टा बंद पडली, कारण आता चेष्टा करणाऱ्यांच्या बायका गाडीत बसायच्या.

पण काकूला ते पटलं नाही. तिने नागपूरहून फायबरच्या नव्या खंजिऱ्या मागवल्या. थंडी, दव, पाऊस, कशाचा परिणाम नाही. आवाज मात्र डबा वाजवल्यासारखा. आई म्हणाली, मी त्याला हात लावणार नाही. काकू म्हणाली, "गाडीच्या भरवशावर भजन करतं काय तू? गाडी उद्या बंद पडली तं?" दोघी आमच्या ओट्यावर अशा भांडल्या की समोरच्या घरातली भाकर करपली. शेवटी ठरलं. पुढची स्पर्धा पांढरकवड्याला. तिथे कातडं वाजलं तर मंडळात कातडंच राहील. नाही वाजलं तर सगळ्यांनी फायबर घ्यायचं आणि पुढे काकूची सून बसेल.

"आन तू?" मी आईला विचारलं.

"मी कायले येऊ मंग? घरीच बसीन," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

घरी बसलेली आई मी पाहिली होती. मला ती परत पाहायची नव्हती.

आणि स्पर्धा दोन दिवसांवर आली असताना हिटरने जीव सोडला. आधी किंचाळला, मग घरघरला, मग वायर जळाल्याचा वास आला आणि सगळं शांत. मी फोनवर व्हिडिओ लावला. त्यात एक गोरा माणूस बर्फात उभा राहून हसत हसत सांगत होता की ब्लोअरची मोटर बदलणं फार सोपं, तीन स्क्रू काढा की झालं. मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. दोन स्क्रू सापडले. तिसऱ्यासाठी मी कपाळ फोडून घेतलं, त्या गोऱ्याला अस्सल वऱ्हाडीतून शिव्या घातल्या, आणि गाडी घेऊन महागावला चाचांकडे गेलो. आईही सोबत आली. तिला माझ्यावर भरवसा नव्हता.

चाचा बाबांचे दोस्त. उन्हाळ्यात कूलर दुरुस्त करतात, बाकीचं वर्ष गाड्या. पांढरी दाढी, डोळ्यावर दोरीने बांधलेला चष्मा, आणि जगातल्या कोणत्याही यंत्राबद्दल पूर्ण खात्री. गाडी पाहून म्हणाले, "हिटर? अरे बेटा, पूरी जिंदगी निघून गेली, हिटर मी पाह्यलाच नाही. पण मोटर म्हणजे मोटर. कूलरची काय न् हिटरची काय."

त्यांनी डावीकडचा खण उपसून काढला, तिसरा स्क्रू सापडला, आणि ब्लोअरचा डबा उघडला. आत कापूस. थोडाथोडका नाही, उशी भरेल एवढा. मी हंगामात गाडीतून कापूस नेतो ना, त्यातलाच नेऊन उंदराने पंख्याच्या चाकात गादी केली होती. सोबत सोयाबीनचे दाणे आणि मंडळाच्या प्रसादातला साखरफुटाणा. मोटर त्या गादीत घुसमटून जळाली होती.

"इतका चांगला कापूस तं बजारात बी आला नाही औंदा," चाचा म्हणाले.

"चाचा, मस्करी नोको. मोटर भेटन काय?"

त्यांनी पुसदला फोन लावला, यवतमाळला लावला. दोन्हीकडून आधी हसणंच ऐकू आलं. एक दुकानदार म्हणाला, भाऊ, जानेवारी आहे, आत्ताच कूलर बुक करून टाका. माझं डोकं फिरलं. मी फोन हिसकावून त्याला चार शब्द सुनावणार होतो, पण आईने माझा शर्ट मागून धरून ठेवला.

"मोटर नसन तं दुसरी बसव ना रे भाऊ," ती चाचांना म्हणाली. "परवा मले पांढरकवड्याले जायचं हाय."

"भाभी, तुम्ही बोललं ना, आता बसली समजा."

ते भंगारवाल्याकडे गेले आणि एका मेलेल्या मोटारगाडीच्या रेडिएटरच्या पंख्याची मोटर घेऊन आले. ती हिटरच्या मोटरच्या दुप्पट. मी म्हटलं, एवढी कशी मावेल? ते म्हणाले, मावत नाही ते माववतो. त्यांनी डबा कापला, चाकाचं भोक मोठं केलं, पट्टीने मोटर आवळली. वायर लावली, चाक फिरलं, आणि जाळीतून जेमतेम फुंकर आली.

"उलटी फिरून राह्यली चाचा."

"मंग उलटी फिरली तं हवा वढून घेतली असती ना! कूलरची कशी वढते?" ते माझ्यावर तापले. "हवा समोर येऊन राह्यली म्हणजे सीधीच हाय."

मी म्हटलं, हे कूलरचं पातं नाही, हे चाक वेगळं आहे, व्हिडिओत सांगितलंय. ते म्हणाले, व्हिडिओवाल्यालाच बोलाव मग. आम्ही दोघं डॅशबोर्डखाली डोकं घालून भांडत होतो आणि आई पुढच्या सीटवर बसून जाळीजवळ हात धरून होती. शेवटी तीच म्हणाली, "वायरा अदलाबदल करून पाहा ना एकडाव. काय बिघडते?"

चाचांनी वायरी बदलल्या आणि जोडल्या.

हवा आली म्हणता? वावटळ आली! आतल्या नळ्यांत राहिलेला सगळा कापूस, उंदराच्या लेंड्या, पहाडी भागातली आठ-दहा वर्षांची धूळ, सगळं एकदम जाळीतून बाहेर पडलं आणि आईच्या अंगावर. ती क्षणात पांढरीफट्ट झाली. डोक्यावर, पापण्यांवर, पदरावर कापूस. आणि गाडीभर कापसाचे पुंजके तरंगतायत. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो की आता ही काय बोलते. आईने तोंडातला कापूस काढला, जाळीसमोर हात धरला आणि म्हणाली, "जमलं!"

जमलं, पण चाचांच्या पद्धतीने. त्या राक्षसी मोटरचा भार गाडीच्या मूळ बटणाला झेपेना, म्हणून त्यांनी बटण काढूनच टाकलं. कमी-जास्त करायची सोयही काढली. "कूलर कोणी एक नंबरवर चालवते काय? फुल्लच लागते." डॅशबोर्डखाली दोन उघड्या वायरी सोडल्या. त्या जोडून कपडे वाळत घालायचा प्लास्टिकचा चिमटा लावला की हिटर चालू, चिमटा काढला की बंद. इंजिनाचं गरम पाणी हिटरकडे सोडणारा नळ आधीच अडकलेला, तो त्यांनी जोर लावून कायमचा अडकवला. म्हणजे गरम किती हवं, हे आता गाडी ठरवणार.

स्पर्धेच्या दिवशी दुपारीच निघालो. दहा बाया, दहा स्वेटर, दहा शाली. काकू माझ्या मागे, आई पुढे. तिने बसल्या बसल्या चिमटा लावला.

"आई, आता कायले? दुपार हाय. संध्याकाळी लाव."

"पाहून तं घेऊ लागते का नाही."

लागला. भक्कन लागला. मी म्हटलं, पाहिलं ना, आता काढ. तर आईने चिमट्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चाललेल्या मोटरले हात लावू नोको. बंद केली आन संध्याकाळी लागली नाही तं?"

मी ऐकलं. कारण हे आमच्या हाडात भिनलेलं आहे. विहिरीवरच्या मोटरने एकदा पाणी धरलं की लाइन जाईपर्यंत आम्ही तिला हात लावत नाही. वाफे भरून वाहायला लागले तरी चालेल, पण बंद करायची नाही, कारण पुन्हा धरेल याची खात्री कोणी द्यायची? मागच्या नऊ बायांचं तर एकमत झालं. "राहू द्या वं. सहन करू." काकूसुद्धा म्हणाली, राहू द्या. तेवढ्यापुरतं दोघींचं पटलं.

मग काय, जानेवारीच्या उन्हात, हिटर फुल्ल लावून, फुलसावंगीचं महिला भजन मंडळ पांढरकवड्याला निघालं. महागाव येईपर्यंत स्वेटर उतरले. आर्णी येईपर्यंत शाली खिडकीबाहेर फडफडायला लागल्या. बाया पदराने वारा घेत होत्या आणि वर मलाच म्हणत होत्या, "जराकशी जोरात चालव ना रे, हवा तं लागू दे." खंजिऱ्या तापून फुटू नयेत म्हणून आईने त्या ओल्या टॉवेलात गुंडाळल्या आणि ओले टॉवेल बायांच्या डोक्यावर ठेवले, म्हणजे दोन्ही कामं होतील. घाटंजीला चहाला थांबलो तर टपरीवाला धावत आला. डोक्याला ओले टॉवेल बांधलेल्या, घामाने निथळणाऱ्या दहा बाया पाहून त्याने विचारलं, दवाखाना इकडे आहे, दाखवू का? इंजिन मी तिथेही चालूच ठेवलं होतं. तो आत डोकावला, तोंडावर झळ लागली आणि मागे सरकला.

"भाऊ, हिटर चालू राह्यला तुमचा."

"माहीत हाय मले!" मी खेकसलो. बिचाऱ्याचा काय दोष!

घाटंजीच्या पुढे काकूला काहीतरी आठवलं आणि तिने किंकाळी फोडली. तिने फायबरच्या खंजिऱ्यांची पिशवी जपून ठेवावी म्हणून डॅशबोर्डखाली, नेमकी पायाकडच्या जाळीसमोर ठेवली होती. आईने पिशवी उचलून मागे दिली आणि काकूने उघडून पाहिली. वरचं प्लास्टिक पापडासारखं वाकडं होऊन कड्यातून सुटलं होतं. सगळ्याच्या सगळ्या गेल्या. मी आरशात पाहिलं तर काकूचं तोंड रडवेलं. मला हसू फुटणार होतं, पण आईकडे पाहिलं आणि गिळलं. तिचाही चेहरा उतरला होता.

"आता कातडं वाजलं नाही तं काहीच नाही राह्यलं वं आपल्यापाशी," ती हळूच म्हणाली, आणि दोन्ही हात चिमट्यावर ठेवून बसली.

स्पर्धा एका जिनिंग फॅक्टरीच्या आवारात होती. हंगाम ऐन भरात, चहूकडे कापसाचे ढीग. फाटकावर चौकीदाराने माचिस, लायटर सगळं काढून घेतलं. आत ठिणगीसुद्धा चालणार नाही म्हणाला. म्हणजे शेकोटी नाही. सूर्य बुडाला तसा गारठा उतरला आणि मंडपाच्या कनाती दवाने ओल्या झाल्या. पहिलं मंडळ स्टेजवर गेलं. थप थप थप. दुसरं गेलं. थप थप. ऐकवत नव्हतं. मी गाडी मंडपाच्या मागे पत्र्याच्या शेडला लावून इंजिन चालू ठेवलं होतं, आणि आतून टण्ण, टण्ण येत होतं. माझी छाती फुगली. म्हटलं, आज पहिला नंबर आपला, कोणाचा बाप आडवा येत नाही.

तेवढ्यात खिडकीवर टकटक. बाहेर महागावच्या मंडळाची पुढारीणबाई. दरवर्षी पहिला नंबर नेणारी. हातात खंजिरी, आणि तोंड आईचं आदल्या वर्षी होतं तसं.

"भाऊ, तुमच्या गाडीत हिटर हाय म्हणते."

"बिघडला हाय," मी म्हटलं. माझ्या पायावरून गरम हवेचा लोट वाहत होता.

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लहानपणी साखरेचा डबा उघडताना सापडलो तेव्हा पाहिलं होतं. मग दार उघडून म्हणाली, "या बाई, बसा. कातड्याची हाय ना? मंग आणा इकडे."

"आई! येडी झाली काय? त्याईचा नंबर आपल्या पहिले हाय!"

"मंग त्याईचीच पहिले तापवू."

झालं. बातमी मंडपभर पसरली. गाडीपुढे ही रांग! आई जाळीसमोर बसून एकेकीची खंजिरी उलटीपालटी करत होती, बोटाने टिचकी मारून कानाशी नेत होती, "ही झाली, घ्या. तुमची थोडकी राहू द्या, कडेले सैल हाय." मी दात-ओठ खात बसलो होतो. वर त्या चिमट्याची स्प्रिंग उडाली. आता वायरी हाताने दाबून धरायच्या, आणि त्या तापलेल्या. डाव्या हाताची बोटं भाजली की उजवा, उजव्याची भाजली की डावा. आमच्या वैऱ्यांच्या खंजिऱ्या तापवायला मी बोटं भाजून घेत होतो. महागावचं मंडळ स्टेजवर गेलं आणि काय सांगू, असं वाजलं की मंडप उठून उभा राहिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग आमचा पुकारा झाला. आईने पदर खोचला, आपली खंजिरी घेतली. मीही वायरी सोडून उठायला लागलो.

"तू कुठी?"

"तुले पाहाले!"

"आन ह्या?" तिने डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. तिथे पुढच्या मंडळाच्या चार खंजिऱ्या ठेवलेल्या. "लोकांनी भरवशानं ठेवल्या. गारठल्या तं? बस इथीच."

मी बसलो. आईचं ज्याच्यावर सगळं अवलंबून होतं ते भजन मला दिसलंच नाही. पत्र्याच्या शेडमागे, दोन तापलेल्या वायरी धरून, मी फक्त ऐकलं. आधी पेटी. मग काकूचे टाळ. मग थोडा वेळ काहीच नाही. म्हटलं, बसली वाटतं. आणि मग टण्ण. माहेरची ती जुनी खंजिरी अशी बोलली की पत्रा झिणझिणला. त्यावर आईचा आवाज, उघडा, मोठा. अंगणात बसून नुसतं हं म्हणणारी बाई ती हीच का, असं मला वाटलं, आणि मी ढसाढसा रडलो. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

निकाल लागला. पहिला महागाव. दुसरे आम्ही.

परतीच्या वाटेवर मी घाटंजीपर्यंत कसाबसा गप्प बसलो. मग फुटलो. "आपल्या हिटरनं त्याईले पहिला नंबर देल्ला! आपल्या! मायी बोटं पाहा! बिघडला हाय म्हणून सांगतलं असतं तं आज ढाल आपल्या गाडीत राह्यली असती!"

आई खंजिरीवर हात फिरवत होती. "तिची वाजली नसती तं तिनंबी पुढच्या साली फायबरच घेतलं असतं. सगळ्याईनंच घेतलं असतं. मंग मी एकटी कातडं घेऊन कोणासंगं वाजवू?"

मागून काकूचा घसा खाकरल्याचा आवाज आला. ती वाकड्या फायबरची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"काय वं," ती आईला म्हणाली, "मलेबी एखादी बकरीची पाहून देजो. बाजारात गेली तं."

"देतो ना," आई म्हणाली. एवढंच. त्यानंतर दोघी घरापर्यंत कोणाची सून कशी, यावर बोलत राहिल्या.

त्याला आता वर्ष होत आलं. चाचांना कुठून तरी खरी हिटरची मोटर मिळाली आहे, बटणासकट. ती कागदात गुंडाळून गॅरेजमध्ये पडून आहे, कारण आई बसवू देत नाही. चाललेल्या मोटरला हात लावायचा नाही. नवा चिमटा मात्र तिने स्वतः आणला, लाकडी. थंडी पडली तसे फोन सुरू झाले आहेत, या गावचं मंडळ, त्या गावचं मंडळ, सगळ्यांना संध्याकाळी हिटरवाली गाडी हवी, आणि गाडीसोबत आई हवी, कारण कोणतं कातडं किती तापवायचं ते तिच्याच कानाला कळतं. आजही ती तिकडेच गेली आहे. गाडी चाचांनी नेली, माझी बोटं अजून हिटर म्हटलं की आखडतात. मी चुलीपुढे बसून स्वतःची भाकर थापतो आहे. ती जाड झाली आहे आणि एका बाजूने करपली आहे. जाताना मी आईला विचारलं होतं, कधी येशील? ती म्हणाली, "मले कायले इचारतं? तू बस ना घरी."